रेफ्रीनं मॅच थांबवली, पब्लिकचं काय?

(दृश्य: मिरज. लाल मातीचं मैदान, टचलाइनला खेटून बसलेली माणसं, भिंतीवर पोरं. मागून हलगीचा आवाज.)

सांगली-मिरजेच्या फुटबॉल ग्राउंडवर खेळाडू आडवा झाला की पहिला आवाज सहसा काळजीचा नसतो. "नाटक करतंय बघ." "टाइम काढाय लागलाय." "ए रेफ्री, चालू ठेव की!" त्यात पडलेला गडी एका गोलनं पुढं असलेल्या संघाचा असला, तर मग विचारूच नका. पब्लिकला सरसकट दोष द्यावा, तर तसंही नाही. वेळ काढायला पडणारे खेळाडू त्यांनी चिक्कार पाहिलेले असतात आणि मैदानाच्या त्या टोकावरून गोळा आलेला पाय आणि मोडलेला पाय एकसारखेच दिसतात.

मग आवाज बदलतो. समोरच्या संघाचा खेळाडू धावत आला, वाकून बघितलं आणि दोन्ही हात हलवून बाकाकडं ओरडला, की कडेची माणसं आपोआप उठून उभी राहतात. प्रेक्षकाला जखम दिसत नसते, खेळाडूंचे चेहरे दिसतात. विरुद्ध संघाचा गडी घाबरला म्हणजे प्रकरण खरं आहे, हे त्याला बरोबर कळतं.

(दृश्य: रेफ्रीचा हात, घड्याळ, शिट्टी.)

नियम इथं स्पष्ट आहे. फुटबॉलच्या कायद्यातला पाचवा नियम सांगतो: दुखापत किरकोळ वाटली तर चेंडू बाहेर जाईपर्यंत खेळ चालू द्यायचा, गंभीर वाटली तर जागेवर थांबवायचा. हा निर्णय रेफ्रीच्या मताचा आहे. त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही, कॅप्टनची परवानगी लागत नाही. डोकं आपटलं, मान वाकडी झाली, हाड दिसतंय, या सगळ्यात शिट्टी लगेच. आणि यापेक्षा सोपी एक खूण आहे, जी प्रत्येक रेफ्रीनं आणि लाइनमननं पाठ करावी: कुणाचाही धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि हाक मारून उत्तर देत नाही, तर ते हृदय बंद पडलेलं आहे असंच धरून चालायचं. चक्कर असेल, ऊन लागलं असेल, हे नंतर.

(दृश्य: कोपनहेगनच्या पार्केन स्टेडियमचं स्थिरचित्र.)

१२ जून २०२१. युरो स्पर्धेत डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. पहिला हाफ संपत आला असताना डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन थ्रो-इनमधून आलेला चेंडू घ्यायला पुढं आला आणि कोसळला. कुणाचा धक्का लागला नव्हता. इंग्लिश रेफ्री अँथनी टेलर यांनी तत्काळ खेळ थांबवला आणि डॉक्टरांना आत बोलावलं. कॅप्टन सिमॉन केअर धावला. डेन्मार्कच्या खेळाडूंनी एरिक्सनभोवती कडं केलं, त्याच्याकडं पाठ आणि पब्लिककडं तोंड करून. काहींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण कडं मोडलं नाही. फिनलंडच्या पाठीराख्यांचे झेंडे आडोशाला वापरले गेले. थोड्या वेळानं स्टँडमध्ये एक बाजू "ख्रिश्चन" आणि दुसरी "एरिक्सन" असा पुकारा करू लागली. पहिली हाक फिनलंडची होती.

त्याच रात्री राग कुणावर निघाला, तेही बघण्यासारखं आहे. मॅच थांबवली म्हणून कुणी चिडलं नाही. ती पुन्हा सुरू केली म्हणून लोक चिडले. एरिक्सन शुद्धीवर आहे असा निरोप आल्यावर खेळाडूंपुढं दोन पर्याय होते: आज रात्री, नाहीतर उद्या दुपारी. त्यांनी आज निवडलं. स्थानिक वेळेनुसार साडेआठला राहिलेली चार-पाच मिनिटं, मग पाच मिनिटांची विश्रांती, मग दुसरा हाफ. फिनलंड १-० जिंकलं, पण गोल करणाऱ्या पोह्यानपालोनं जल्लोष केला नाही. अशा अवस्थेतल्या खेळाडूंना निवड करायला लावणंच चूक होतं, असं डेन्मार्कचे कोच कॅस्पर युलमंड नंतर म्हणाले, आणि ते बरोबरच म्हणाले. ज्यानं आत्ताच मित्राची छाती दाबताना बघितली, त्याला "खेळतोस का?" विचारायचं नसतं.

दुसरा राग कॅमेऱ्यावर होता. उपचार चालू असताना चित्रण चालू राहिलं. बीबीसीनं प्रेक्षकांची माफी मागितली. आपल्याकडं आता बऱ्याच स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह जातात, तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे. कॅमेरा धरणाऱ्याला मॅचआधीच सांगून ठेवायचं: गडी उठत नसेल तर फ्रेम लांबची करायची आणि स्कोअरबोर्डवर न्यायची. त्याची आई घरी तेच बघत असू शकते.

(दृश्य: सीपीआरचा, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवण्याच्या सरावाचा, पुतळा. हातांचा क्लोजअप.)

आता कुंपणाच्या आत. इथं पब्लिकची प्रतिक्रिया थेट जिवावर बेतू शकते. कोसळलेला माणूस आचके देतो, घोरल्यासारखा श्वास घेतो. लगेच कुणीतरी म्हणतं, "फिट आली." मग कांदा येतो, चप्पल येते, हातात लोखंडी किल्ली दिली जाते. दुसरा म्हणतो जीभ गिळली, आणि तोंडात बोटं घालतो. बंद पडलेलं हृदय पहिल्या मिनिटात असे आचके दाखवू शकतं आणि तो श्वास खरा श्वास नसतो. यात गेलेलं प्रत्येक मिनिट महाग आहे: विजेचा झटका मिळेपर्यंत, छाती दाबली गेली नाही तर, जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घसरते.

करायचं ते एवढंच. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दाबणारा थकतो आणि थकल्याचं त्याला स्वतःला कळत नाही. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, असेल तर जर्सी कापून पॅड लावायचे, पुढचं यंत्र बोलून सांगतं.

मानेचा मार असेल तर नेमकं उलटं: हात लावायचा तो फक्त डोकं धरायला. एकानं डोक्यापाशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ते आहे तसं स्थिर धरायचं आणि स्ट्रेचर-बोर्ड येईपर्यंत सोडायचं नाही. "उचला रे, उचला!" ही आपल्या मैदानावरची सगळ्यांत धोकादायक आरोळी. चार पोरं हातापायाला धरून उचलबांगडी करतात, पब्लिक टाळ्या वाजवतं, आणि मणक्याला जे व्हायचं नव्हतं ते वाटेत होतं. मोडलेला पायही सरळ करायला जायचं नाही. आहे त्या स्थितीत, वरचा आणि खालचा सांधा धरून बांधायचा.

आणि "हवा येऊ द्या, हवा येऊ द्या" असं ओरडणाराच सहसा सगळ्यांत पुढं उभा असतो. राखीव खेळाडूंना आधीच काम वाटून ठेवलं की हे टळतं. पडलेल्याभोवती दहा पावलांवर बाहेर तोंड करून उभं राहायचं, बस्स.

(दृश्य: मैदानाचं गेट. आडव्यातिडव्या लावलेल्या मोटारसायकली.)

मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून माणसं इथं उपचाराला येतात. पण दवाखाना हाकेच्या अंतरावर असला तरी ॲम्ब्युलन्स आत यायला गेट उघडं लागतं. गेटला कुलूप, किल्ली कुणाकडं आहे ते कुणाला माहीत नाही, आणि गेटसमोर मोटारसायकलींची रांग. हे स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सकाळी सोडवायचं काम आहे. एक गेट रिकामं ठेवायचं, दोरी बांधून. १०८ ला फोन करणारा एकच माणूस ठरवायचा; मैदानाचं नाव, जवळची खूण आणि कुठल्या गेटनं यायचं हे सांगायचं आणि पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. दुसऱ्यानं रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. फायनलला तरी ॲम्ब्युलन्स मैदानातच हवी, आणि ती पेशंट घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत मॅच सुरू होणार नाही, हेही ठरलेलं हवं.

भारतात याची किंमत मोजून झाली आहे. ५ डिसेंबर २००४, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची फायनल. डेम्पोचा क्रिस्तियानो ज्युनिअर मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल करताना गोलकीपरशी धडकला आणि वाचला नाही. नंतर लोकांचा रोख दोन बाजूंना गेला: गोलकीपरकडं, आणि मैदानावरच्या वैद्यकीय सोयीकडं. गोलकीपरवर बोलणं सोपं होतं.

(दृश्य: निवेदकाचं टेबल, माइक, पाण्याची बाटली.)

आता माइक. मॅच थांबल्यावर निवेदक गप्प बसला की पब्लिक स्वतः बातमी तयार करतं. "गेला म्हणे." पाच मिनिटांत ते व्हॉट्सॲपवर, दहा मिनिटांत खेळाडूच्या गल्लीत. एरिक्सनच्या बाबतीत त्यानं कोविडची लस घेतली होती अशी अफवा जगभर फिरली. लस घेतलीच नव्हती, असं त्याच्या क्लबच्या, इंटरच्या, संचालकांना सांगावं लागलं. २ जानेवारी २०२३ ला अमेरिकेत, त्यांच्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये, बफेलो बिल्सचा डमार हॅमलिन टॅकलनंतर उठला आणि मागं कोसळला. मैदानावरच त्याचं हृदय पुन्हा सुरू केलं गेलं. पाच मिनिटं वॉर्मअप करून खेळ सुरू होणार, असं टीव्हीवर सांगितलं गेलं आणि लोक खवळले. लीगनं असं काही ठरलंच नव्हतं म्हणून सांगितलं. तासाभरानं मॅच पुढं ढकलल्याचं जाहीर झालं. त्याच लोकांनी हॅमलिनच्या खेळणीवाटपाच्या निधीत पैसे ओतले. उद्दिष्ट २,५०० डॉलर होतं, जमले ८० लाखांच्या वर.

निवेदकाजवळ कागदावर चार वाक्यं लिहिलेली हवीत. "खेळाडूवर उपचार चालू आहेत. रेफ्रींनी सामना थांबवला आहे. कृपया जागेवर बसा, गेट मोकळं ठेवा, चित्रण करू नका. पुढची सूचना दहा मिनिटांनी." आणि दहा मिनिटांनी खरंच बोलायचं, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी. नाव घ्यायचं नाही, तब्येतीचा अंदाज सांगायचा नाही, हलगी बंद करायची.

(दृश्य: स्पर्धेचं नियमपत्रक. बोट एका रिकाम्या जागेवर थांबतं.)

पण मैदानावरचा खरा तणाव या सगळ्याच्या खाली असतो, आणि तो निकालाचा असतो. मॅच थांबली, म्हणजे आता काय? आपला एक गोलचा लीड राहिला का गेला? सातवा नियम म्हणतो की अर्धवट राहिलेली मॅच पुन्हा खेळवायची, स्पर्धेच्या नियमांत किंवा आयोजकांनी वेगळं ठरवलं नसेल तर. मोठ्या लीगमध्ये ते लिहिलेलं असतं, म्हणून तिथं रेफ्रीचं डोकं मोकळं असतं.

तीही उत्तरं एकसारखी नाहीत. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ ला बोर्नमथविरुद्ध ल्युटनचा कॅप्टन टॉम लॉकयर कोसळला तेव्हा स्कोअर १-१ होता. मार्चमध्ये अख्खी मॅच पुन्हा झाली, ल्युटन ३-० नं पुढं गेलं आणि ४-३ नं हरलं. इटलीत राहिलेला खेळ पुढं खेळवतात. एप्रिल २०२४ मध्ये रोमाचा एनडिका छातीत दुखून खाली बसला, उदिनेसेविरुद्ध ७२ वं मिनिट, १-१. अकरा दिवसांनी दोन्ही संघ उरलेल्या मिनिटांसाठी परत आले आणि रोमानं शेवटच्या क्षणी गोल करून मॅच नेली. हॅमलिनची मॅच तर कायमची रद्द झाली आणि त्यामुळं बदललेल्या प्लेऑफच्या नियमांवर समोरचा संघ, सिनसिनाटी बेंगल्स, उघड नाराज होता. माणसाचा जीव वाचल्याच्या आनंदातही गुणतक्ता कुणी विसरत नाही, आणि त्यात गैर काही नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच पत्रकांत प्रवेश फी, बक्षीस, किटचा रंग सगळं असतं, ही एक ओळ नसते. मग निर्णय रेफ्रीवर येतो, तोही दोन मंडळांच्या गराड्यात उभं राहून. साहजिकच तो मॅच थांबवायला कचरतो. म्हणून ड्रॉ काढतानाच लिहायचं: "गंभीर दुखापतीमुळे सामना ३० मिनिटांत सुरू न झाल्यास त्या दिवशी खेळवला जाणार नाही. उरलेली वेळ त्याच स्कोअरवर, त्याच कार्डांसह नंतर खेळवली जाईल." इथं इटलीची पद्धत बरी, अख्खी मॅच पुन्हा म्हटलं की हरणाऱ्या संघाला मॅच बंद पडण्यात रस निर्माण होतो. दोन्ही कॅप्टनची सही घ्यायची. थांबवल्या क्षणी रेफ्रीनं मिनिट, स्कोअर, चेंडूची जागा आणि मैदानावरचे खेळाडू वहीत टिपायचे.

त्याच दिवशी सुरू झाली तर ड्रॉप बॉल, म्हणजे रेफ्री चेंडू खाली टाकून खेळ सुरू करतो. चेंडू ज्यांच्या ताब्यात होता त्यांच्या एका खेळाडूला, बाकी सगळे चार मीटर लांब. चेंडू पेनल्टी एरियात असताना थांबवलं असेल तर त्या बाजूच्या गोलकीपरला. हे माइकवर सांगायचं, कारण काउंटर अटॅक तुटलेला संघ आणि त्याची पब्लिक इथंच भडकते. चेंडू मुद्दाम बाहेर मारला असेल तर तो परत देण्याची रीत आहे, नियम नाही. १९९९ च्या इंग्लंडमधल्या एफए कपमध्ये शेफिल्ड युनायटेडनं जखमी खेळाडूसाठी चेंडू बाहेर काढला, आर्सेनलच्या कानूनं थ्रो-इन पळवला आणि ओव्हरमार्सनं गोल केला. गोल वैध होता. तरी आर्सेनलचे मॅनेजर वेंगर यांनी मॅच पुन्हा खेळायची तयारी दाखवली आणि ती खेळली गेली.

आणि तिकिटाची मॅच असेल तर उरलेल्या मिनिटांसाठी नव्यानं पैसे घ्यायचे नाहीत. जुन्या तिकिटाचा अर्धा भाग दाखवून सोडायचं. हेही पत्रकात छापायचं, नाहीतर त्या दिवशी गेटवर बसलेल्या पोराला कुणी सांगितलेलंच नसतं.