जबडा कुणाचं ऐकतो?

आधी एक करा. जिभेचं टोक टाळूवरून आडवं फिरवा. मधोमध बारीक उंचवटा लागतो ना? तिथे हाडाचे दोन भाग जुळलेत. आता बोटं कानांच्या अगदी पुढे ठेवून तोंड उघडा, मिटा. बोटांखाली हलतंय ते खालच्या जबड्याचं टोक. मुलाला प्लेट लावली की जबड्याच्या वाढीचं काय होतं, याचं उत्तर या दोन जागांवर वेगवेगळं आहे.

"एवढ्या लवकर तारा लावल्या तर चेहरा लहान राहील का?" असं पालक मला, दात-जबडे सरळ करणाऱ्या डॉक्टरला, सारखं विचारतात. नाही राहत. दातांवर चिकटवलेल्या तारा दात हलवतात. जबडा त्यांनी वाढतही नाही, खुंटतही नाही. वाढीत हात घालणारी उपकरणं निराळी.

वरचा जबडा शिवणींनी जोडलेला असतो, आणि शिवण कोवळी असेपर्यंत उसवता येते. टाळू अरुंद असेल तर दोन्हीकडच्या दाढांना धरून मध्ये स्क्रू बसवतात. घरचं कुणीतरी तो चावीने फिरवतं, एका वेळी ०.२५ मिलिमीटर. थोड्याच दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडते आणि मला घाबरलेला फोन येतो. मी म्हणतो, छान, शिवण उघडली! फट पुढे आपोआप मिटते, उघडलेल्या जागी नवं हाड भरतं. तोवर स्क्रू काही महिने तसाच ठेवायचा. १८६० मध्ये अमेरिकेत एमर्सन एंजेल यांनी चौदा-साडेचौदा वर्षांच्या मुलीवर केलेला हा प्रयोग छापला, तेव्हा त्यांच्या व्यवसायातल्या अनेकांना तो पटला नव्हता.

खालचा जबडा मात्र आपलंच खरं करतो. तो मागे राहिला तर 'ट्विन ब्लॉक' नावाचं उपकरण लावतात. त्यात वर-खाली दोन उतरते ठोकळे असतात. तोंड मिटायचं तर खालचा जबडा पुढे न्यावाच लागतो. उंदरांवर, माकडांवर असे प्रयोग झाले तेव्हा त्या कानापुढच्या टोकाशी जास्त हाड आलेलं दिसलं. आम्ही सगळे हरखलो. मग १९९० च्या दशकात मुलांवर रीतसर चाचण्या झाल्या. लहानपणीच उपकरण लावलेली मुलं वर्ष-दीड वर्षाने थोडी पुढे होती. पण तारांचे उपचार संपेपर्यंत बाकीच्यांनी त्यांना गाठलं. म्हणजे वाढ लवकर आली, फारशी जास्त आली नाही. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर कमी झालं ते बरंचसं वरचे दात मागे आणि खालचे पुढे कलल्यामुळे. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो शेजारी ठेवून जबडा वाढवल्याचा दावा कुणी केला, तर माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो.

तरीही मी ट्विन ब्लॉक लावतो. पुढे आलेले दात पडल्या-धडपडल्यावर आधी मोडतात, आणि वर्गातली चिडवाचिडवी वाढ पूर्ण व्हायची वाट बघत नाही.

जोर लावून वाढ अडवता येते का? येते, पण किंमत बघा. पाठीचा कणा वाकलेल्या मुलांना पूर्वी मिलवॉकी ब्रेस लावत, त्याचा टेकू हनुवटीखाली. जवळजवळ दिवसरात्र. मुलांच्या चेहऱ्याची उंची खुंटायला लागली, दात पुढे ढकलले गेले. शेवटी तो टेकूच बदलावा लागला. उलट, पुढे आलेला खालचा जबडा रोखायला हनुवटीवर टोपी चढवतात, पण ती वापरणं थांबवलं की जबडा बहुधा राहिलेली वाढ भरून काढतो.

राहता राहिली ट्विन ब्लॉक लावायची वेळ. वाढीचा झपाटा मुलींना साधारण १२ व्या, मुलांना १४ व्या वर्षी येतो, पण वाढदिवसावर माझा विश्वास नाही. मी आईला विचारतो, वर्षभरात बुटांचा नंबर किती वेळा बदलला? मग बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये दात सोडून मान बघतो. वरच्या मणक्यांची खालची कड अजून सपाट असेल तर झपाटा लांब आहे. अशा मुलाला मी काहीच लावत नाही. सहा महिन्यांनी ये म्हणतो, आणि बरेचदा आईचा चेहरा पडतो.