दातांत दोरा

[दृश्य: मोबाइलवरचं जुनं, थोडं हलणारं चित्रण. शिलाई मशीनवर वाकलेली एक बाई.]

ही माझी आत्या. ठाण्यात नौपाड्याच्या एका गल्लीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. हे चित्रण दोन वर्षांपूर्वीचं, ऐन लग्नसराईतलं, मी सहज केलेलं. बघा, ओठांत टाचण्या आहेत. मान खाली आहे. हूक लावून झाला की ती दोरा दातांनी तोडते. आणि आता तिच्या गालाकडे बघा, कानाच्या जरा खाली. तिथे एक गोळा वर येतोय आणि बसतोय. दाढा आवळल्या जातायत. आत्या या वेळी काही खात नव्हती.

त्याच पावसाळ्यात तिचा कान दुखायला लागला. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासला, आत काहीच नव्हतं. मग कुणी म्हणालं, दाढ असेल. एका दाढेचं रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली. दुखणं होतं तिथेच राहिलं. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला, जांभई दिली की कळ. स्टेशनबाहेरचा वडापाव ती दोन घासांत संपवायची, तो ती हाताने कुस्करून खायला लागली. माझ्या मनाला लागलं ते हेच.

[दृश्य: कानापुढे टेकलेली दोन बोटं. जवळून.]

दुखणं कानाचं नव्हतं, दाढेचंही नव्हतं, जबड्याचं होतं. दोन्ही हातांचं एकेक बोट कानाच्या भोकाच्या अगदी पुढे ठेवा आणि हळूच आ करा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकतं. तो जबड्याचा सांधा. दाराच्या बिजागरीसारखा तो नुसता फिरत नाही, फिरता फिरता पुढे घसरतोही. मध्ये कूर्चेची एक चकती असते, गादीसारखी. ती जागची सरकली की तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. आवाज पुष्कळांना येतो. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजासाठी काही करायची गरज नाही.

बहुतेकांचं दुखणं सांध्यापेक्षा चावण्याच्या स्नायूंचं असतं. तोंड मिटून आपण स्वस्थ बसतो तेव्हा ओठ टेकलेले आणि वरच्या-खालच्या दातांत थोडी फट, ही जबड्याची विश्रांतीची जागा. रागाने आपण दातओठ खातो, झोपेत दात खातो आणि कामाच्या नादात तासन् तास दाढा आवळून बसतो. त्या स्नायूंना सुट्टी मिळतच नाही. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे दुखणं जास्त दिसतं.

१९३४ मध्ये अमेरिकेत जेम्स कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने लिहिलं की दाढा गेल्याने जबडा जास्त मिटतो आणि कानाजवळचा सांधा दाबला जातो. तिथून कितीतरी वर्षं सगळा दोष दातांच्या ठेवणीवर गेला. यंत्राने दात झिजवून बाइट, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची बैठक, जुळवायची, दुखणं जाईल, असं मानलं गेलं. आज तसं मानत नाहीत. झिजवलेला दात परत येत नाही, म्हणून या दुखण्यासाठी कुणी निरोगी दात झिजवायला सांगितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. हे मी हात जोडून सांगते.

[दृश्य: फिजिओथेरपीची खोली. आत्या खुर्चीत.]

आत्याला वाट सापडली ती नवी मुंबईत. नेरूळ, खारघर, कामोठे इथे दंतमहाविद्यालयं आहेत, तिथल्या ओपीडीत खर्च बेताचा येतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आधी तोंड उघडायला लावून मोजलं. आपली आपल्यालाही कळते ती खूण म्हणजे आपलीच तीन बोटं उभी तोंडात मावायला हवीत. आत्याची जेमतेम दोन मावली. मग त्यांनी विचारलं, सुपारी, मावा, गुटखा? हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. तो आजार वेगळा, आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. आत्या सुपारी खात नाही.

तिला जे दिलं ते इतकं साधं होतं की पहिले दोन दिवस तिचा विश्वास बसेना. महिनाभर मऊ जेवण. ऊस, चकली, च्युइंगम बंद. गालावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ती ठेवायची आणि तोंड सावकाश उघडायचं, मिटायचं. फिजिओथेरपिस्टने गालाचे आणि मानेचे स्नायू हाताने मोकळे केले, मशीनवर बसायची पद्धत बदलायला लावली.

डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या दुखण्यावरची मार्गदर्शक तत्त्वं छापून आली. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी त्यांनी ठामपणे सुचवलं ते हेच: देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले उपचार, घरचे व्यायाम, धीर आणि माहिती, तसंच विचारांची आणि सवयींची घडी बदलणारी समुपदेशनाची पद्धत. रात्री दातांवर घालायची प्लास्टिकची स्प्लिंट, बोटॉक्सची इंजेक्शनं, सांध्यात सुई घालून तो धुणं, यांच्यासाठी पुरावा कमकुवत निघाला. स्प्लिंटने झोपेत झिजणारे दात वाचतात, ते खरं. सांधा धुण्याचा विचार सर्जन करतात तो मुख्यतः जबडा अडकून बसतो आणि साध्या उपायांनी सुटत नाही तेव्हा. चकती काढून टाकायची शस्त्रक्रिया मात्र त्या दुखण्यासाठी करू नये, असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

काही दुखण्यांत मात्र वाट बघून चालत नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील ठणकू लागलं, चावताना जबडा भरून येतो, नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि घाम फुटतो, तर ते हृदयाचं असू शकतं. आणि आ केलेलं तोंड मिटेचना, तर थेट हॉस्पिटल.

[दृश्य: दुकान, आज. मशीन जवळून.]

मशीनच्या डोक्यावर ही लाल टिकली दिसतेय? आत्याने आपल्या पाकिटातली लावलीय. तिच्याकडे नजर गेली की दाढा सोडायच्या. आधी दिवसातून शंभरदा सोडाव्या लागायच्या, असं ती म्हणते. एक टिकली आरशावर आहे, एक मोबाइलच्या मागे.

बरं वाटायला चार महिने लागले. मध्ये दिवाळीच्या ऑर्डरींत पुन्हा दुखलं, पुन्हा मऊ भात आला. आता तीन बोटं मावतात. गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री असते. हाताखालच्या मुलीने काल काजाचा दोरा तोडायला तोंडाशी नेला, तर आत्याने मशीन थांबवलं, गळ्यातली कात्री काढली आणि तिच्या हातात दिली.