भोक पाडायचं ते खालून

घराबाहेरचा सीसीटीव्ही कॅमेरा पावसापासून वाचवायला आपण डब्यात बसवतो. मघाशी एकांनी विचारलं, डब्यावर आयपी ६७ छापलेलं होतं, मग कॅमेऱ्यात पाणी गेलंच कसं? आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी नुकसान होईल इतकं पाणी शिरत नाही. पण ही परीक्षा कोऱ्या डब्याची. आपल्या रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात झड आडवी, आणि रबर उन्हात कडक झालेलं.

खरी गंमत उघडिपीत असते. तासभर ऊन पडलं, डबा ५५ अंशांवर गेला. लगेच सर आली, डबा २५ वर उतरला. डबा घट्ट बंद असेल तर आतल्या हवेचा दाब सुमारे नऊ टक्क्यांनी पडतो. म्हणजे डबा श्वास ओढतो, आणि नेमकं तेव्हाच झाकणाच्या रबराला पाणी लागलेलं असतं. मी पहिला डबा केला तेव्हा फट दिसेल तिथे सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधून येणारं फटी बुजवायचं रबरी लुकण, भरलं. ऑगस्टात उघडला, तर तळाशी पेलाभर पाणी. आत आलेलं बाहेर जायला मीच जागा ठेवली नव्हती!

तेव्हापासून तळाला पाच मिलिमीटरचं भोक पाडतो, आतून बारीक जाळी चिकटवतो, नाहीतर मुंग्या घर करतात. वायरसुद्धा खालूनच, केबल ग्लँडमधून, म्हणजे वायरीला घट्ट आवळून धरणाऱ्या बुचातून. ग्लँडच्या आधी वायरीला झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, डब्यापर्यंत पोचत नाही. वर पत्र्याची वळचण, पुढे चार बोटं आलेली. तिच्यामुळे ऊनही अडतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याच्या जोडाजवळ नको. त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेली ट्यूब मागा. स्क्रू स्टेनलेसचे, खाऱ्या वाऱ्याला ३१६ या प्रतीच्या स्टेनलेसचे असले तर बरं.

आता, आख्खा कॅमेरा डब्यात कोंबायचाच कशाला? पुढे काच आली की रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड तिच्यावरून उलटून भिंगात शिरतो आणि चित्र पांढरं धुकं होतं. बाहेर बसवायचा कॅमेरा असेल तर त्याचं तोंड पाऊस सोसतं. सोसत नाही ते त्याचं शेपूट: नेटवर्कची पिन, बारा व्होल्टचा जॅक. ओल आणि वीज एकत्र आली की तिथे हिरवा चूर धरतो. आणि आपण म्हणतो, कॅमेरा गेला. मी तर हल्ली फक्त हा जोड साध्या पीव्हीसीच्या जंक्शन बॉक्समध्ये ठेवतो. वर सांगितलेलं सगळं त्यालाही लागू.

आणि कॅमेऱ्यासमोर कोळ्यानं जाळं विणलं तर? हो, रात्री इन्फ्रारेडमध्ये ते लखलखतं, वाऱ्यानं हललं की कॅमेऱ्याला हालचाल वाटते आणि चोर आल्यासारखा आपला मोबाइल कोकलतो. त्याला डबा नाही, केरसुणीच.