गोष्ट माहीत झाल्यावर काय उरतं?

नमस्कार. आजच्या विषयातला मुख्य शब्द मी मुद्दामच मराठीत आणलेला नाही. आपण श्रेष्ठ कलाकृती म्हणतो, अभिजात म्हणतो, पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना माणसाच्या तोंडून येतो तो ‘मास्टरपीस’ हाच शब्द. आणि हल्ली तो फार लवकर येतो, पडद्यावर नावं सरकत असतानाच येतो. त्या उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. सिनेमा बघून ज्याच्या आत काहीच हललं नाही, त्याच्याशी सिनेमाबद्दल काय बोलायचं? पण हा शब्द जपून खर्च करावा असं मला मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते आज सांगतो.

हा शब्द आला कारागिरांकडून. जुन्या युरोपात कारागिरांचे संघ असत. उमेदवारी संपवून स्वतःचं दुकान थाटायचं असेल तर त्या माणसाला एक वस्तू घडवून संघापुढे ठेवावी लागे. सोनार असेल तर पेला, सुतार असेल तर कपाट. संघातले जुने जाणते ती वस्तू हातात घेत, उलटी करत, सांधे तपासत. पसंत पडली की तो माणूस उस्ताद, आणि ती वस्तू म्हणजे त्याचा मास्टरपीस. या प्रथेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे उलटी करून सांधे बघणं. समोरून तर कुठलंही कपाट छानच दिसतं.

सिनेमा उलटा करून कसा बघायचा? माझं उत्तर साधं आहे. तो दुसऱ्यांदा बघायचा. पहिल्या वेळी आपण गोष्टीच्या मागे धावत असतो. पुढे काय होणार, तो वाचणार का, ती परत येणार का. दुसऱ्या वेळी हे सगळं माहीत असतं. गोष्टीची ओढ संपलेली असते आणि तेव्हा जे उरतं ते म्हणजे दिग्दर्शकाने घेतलेले निर्णय. इथे कॅमेरा का थांबला, इथे आवाज का काढून घेतला, हे दृश्य दाखवलंच का नाही. सांधे म्हणतो ते हेच.

हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ घ्या, 1958 चा. एक माणूस एका स्त्रीच्या प्रेमात पडतो, ती त्याच्या डोळ्यांदेखत मरते, आणि पुढे त्याला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरी स्त्री भेटते. ज्या फ्रेंच कादंबरीवरून चित्रपट केला, तिच्यात या दोघींचं गूढ अखेरीला उलगडतं. रहस्यकथेचा धर्मच तो. हिचकॉक काय करतो? ती दुसरी स्त्री भेटल्यावर थोड्याच वेळात, चित्रपट बराच बाकी असताना, ती एक पत्र लिहायला बसते आणि त्या दोघी एकच, हे सगळं आपल्याला सांगून टाकते. नायकाला मात्र काहीच कळत नाही. ज्याला जग रहस्याचा बादशहा म्हणत होतं, त्याने हातातलं सगळ्यात मोठं रहस्य आपण होऊन सोडून दिलं.

बदल्यात काय मिळालं ते बघा. तो माणूस तिला कपडे बदलायला लावतो, केसांचा रंग बदलायला लावतो, केस तसेच बांधायला लावतो. आपल्याला खरं काय ते माहीत नसतं तर आपण त्याच्या बाजूने बघितलं असतं आणि कोड्याचं उत्तर शोधत बसलो असतो. माहीत आहे म्हणून आपण तिच्याकडे बघतो. आपल्यावर प्रेम करणारा माणूस आपल्याला पुसून दुसरीच कुणी तरी उभी करतोय, आणि ती दुसरीही आपणच होतो, हे तिला ठाऊक आहे आणि ती बोलू शकत नाही. रहस्य शिल्लक ठेवलं असतं तर ही यातना दिसलीच नसती.

म्हणून मी चित्रपट बघताना स्वतःला एक प्रश्न विचारतो. या जागी हात चांगला असलेल्या, पण उस्ताद नसलेल्या दिग्दर्शकाने काय केलं असतं? त्याला इथे सोपं यश कुठलं मिळत होतं? आणि या चित्रपटाने ते घेतलं का सोडलं?

आता लोक जे पुरावे देतात त्यांच्याविषयी थोडं. पहिला पुरावा असतो नवेपणाचा, ‘हे तंत्र आधी कुणी वापरलं नव्हतं’ असा. ‘सिटिझन केन’बद्दल तर हमखास हेच ऐकू येतं. 1941 चा चित्रपट, दिग्दर्शक ऑर्सन वेल्स जेमतेम पंचविशीचा, आणि छायाचित्रकार ग्रेग टोलंड, ज्याने जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट दाखवणारा डीप फोकस इतक्या धिटाईने वापरला. पण डीप फोकस तिथे जन्मला नाही. टोलंडने स्वतःच तो आधीच्या कामांत वापरला होता. तंत्राचं पहिलेपण इतिहासाच्या पुस्तकासाठी ठीक आहे. मला भावतो तो त्यातला एक शॉट. लहानगा चार्ल्स बाहेर बर्फात खेळतोय. कॅमेरा मागे येत येत खिडकीतून घरात येतो. पुढे टेबलावर त्याची आई कागदांवर सही करते आणि मुलगा कायमचा परक्याच्या ताब्यात जातो. हे चाललेलं असताना तो मुलगा खिडकीच्या चौकटीत, लांब, इवलासा, खेळतोच आहे. त्याचं ओरडणं मधूनमधून ऐकू येतं. दुसरा कुणी असता तर त्याने मुलाचा निरागस चेहरा मोठा करून दाखवला असता. वेल्सने त्याला लहानच ठेवला, कारण त्या खोलीत त्याला किंमतच तेवढी होती.

दुसरा पुरावा याद्यांचा. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल ठरला, जो तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. 1962 ते 2002 सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’, 2012 मध्ये ‘व्हर्टिगो’, 2022 मध्ये शांताल अकरमनचा ‘झान दिएलमान’. या याद्या मी आवडीने वाचतो, पण त्या त्या काळाच्या नजरेबद्दल त्या जास्त सांगतात. रन्वारच्या ‘द रूल्स ऑफ द गेम’ला 1939 साली पॅरिसच्या प्रेक्षकांनी हुल्लडबाजी करून नाकारलं. त्यात कापाकापी झाली, मग बंदी आली, युद्धातल्या बॉम्बफेकीत मूळ निगेटिव्ह गेलं. 1959 मध्ये सापडलेले तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला गेला आणि आज त्याच्याशिवाय कुठलीच यादी पुरी होत नाही. ड्रायरच्या 1928 च्या ‘पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’चं मूळ निगेटिव्ह आगीत जळालं, आणि दिग्दर्शकाच्या मनातल्या आवृत्तीची प्रत 1981 मध्ये कुठे मिळावी? ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयात, कपाटात. ज्यांची अशी कपाटं उघडलीच गेली नाहीत, त्या चित्रपटांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्या याद्या म्हणजे शेवटी टिकून राहिलेल्यांच्या याद्या.

असो. मला आज ज्याच्यावर खरं बोलायचंय तो चित्रपट कुरोसावाचा ‘इकिरू’, 1952 चा. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा फिल्म सोसायट्यांत प्रोजेक्टरवर रिळं लावली जात. चित्रपट निम्म्याच्या बराच पुढे गेला होता. वातानाबे नावाचा म्हातारा अधिकारी, तीस वर्षं सरकारी कचेरीत शिक्के मारण्यात गेलेली, पोटाचा कॅन्सर झाल्याचं कळलेलं. काही दिवस तो सैरभैर फिरतो, आणि मग ठरवतो की एका वस्तीतल्या घाण पाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करायची. तो उठतो, डोक्यावर हॅट चढवतो, पावसात बाहेर पडतो. आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर त्याचा हार घालतात तसा मांडलेला फोटो. निवेदक सांगतो की पाच महिन्यांनी तो वारला. मला वाटलं ऑपरेटरकडून मधलं रीळ राहिलं. मी खरंच मागे वळून प्रोजेक्टरच्या खोलीकडे बघितलं.

रीळ राहिलेलं नव्हतं. उरलेला चित्रपट, आणि तो बराच मोठा भाग आहे, त्याच्या घरी दुखवट्याला जमलेल्या माणसांमध्ये घडतो. त्याचे वरिष्ठ, सहकारी, सगळे पितात आणि बाग नेमकी कुणामुळे झाली यावर वाद घालतात. उपमहापौर श्रेय घेऊन निघून जातो. मग एकेकाला काहीतरी आठवत जातं. तो कसा प्रत्येक खात्याच्या दारात वाकून उभा राहायचा, कसा हाकलला तरी परत यायचा. एक पोलीस येऊन सांगतो की वातानाबे वारला त्या रात्री त्याला बर्फात झोपाळ्यावर बसून गाताना आपण पाहिलं होतं. ते झोपाळ्याचं दृश्य जगभर लोकांच्या लक्षात आहे, पण ते कुठे येतं ते ध्यानात घ्या. ते एका परक्या माणसाच्या आठवणीत येतं, जो अपराधी वाटून सांगतोय की मला वाटलं हा दारू प्यायलाय, मी त्याला घरी न्यायला हवं होतं.

सरळ सांगितली असती तर ही गोष्ट काय झाली असती? मरणाला टेकलेला माणूस झगडतो, जिंकतो, मरतो. आपण भरपूर रडलो असतो आणि हलके होऊन घरी गेलो असतो. कुरोसावाने ते रडणं आपल्याला दिलं नाही. त्याने त्या माणसाचं काम अशांच्या हाती सोपवलं ज्यांना ते मान्य करायचं नाहीये, आणि आपल्यालाही त्यांच्याच पंगतीत बसवलं. आपणही तुकडे जुळवत बसतो. अखेर दारूच्या भरात ते सगळे गहिवरून शपथा घेतात की आपणही त्याच्यासारखं काम करू. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडते. तक्रार येते, आणि ती दुसऱ्या खात्याकडे ढकलली जाते. एक जण ताडकन उभा राहतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो हळूहळू खाली बसतो आणि कागदांच्या ढिगाऱ्याआड दिसेनासा होतो. ते खाली बसणं मला झोपाळ्याहून जास्त छळतं. मी हा चित्रपट आजवर नऊ-दहा वेळा बघितला असेन आणि दर वेळी त्या माणसाच्या जागी कोण आहे हा प्रश्न मला चुकवता येत नाही.

‘पथेर पांचाली’तला एक सांधा असाच. 1955 चा चित्रपट. सत्यजित राय यांनी त्याआधी एकही चित्रपट केला नव्हता, छायाचित्रकार सुब्रत मित्र विशीतले, आधी सिनेमाचा कॅमेरा हाताळलेला नाही, पैसे संपून काम महिनोन् महिने थांबलेलं. काही ठिकाणी तो नवखेपणा दिसतोही आणि मला तो दिसल्याचं दुःख नाही. निर्दोष चित्रपट पुष्कळ असतात. तर हरिहर खूप दिवसांनी घरी येतो. त्याला माहीत नाही की मुलगी दुर्गा गेली. तो एकेक वस्तू काढून दाखवतो आणि म्हणतो, ही साडी दुर्गासाठी. तोवर गप्प राहिलेली त्याची बायको सर्वजया साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचं तोंड रडायला उघडतं, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्या जागी येतो तारशहनाईचा टिपेचा सूर.

हा सूर म्हणजे पार्श्वसंगीत नव्हे. पार्श्वसंगीत रडण्याच्या मागे असतं, हा सूर रडण्याच्या जागी आहे. आईचं रडणं प्रत्यक्ष ऐकलं असतं तर ते त्या आईचं राहिलं असतं. तारशहनाई गजाने वाजते, तिला माणसाच्या गळ्याची ओढ आहे पण ती गळा नाही, त्यामुळे ते रडणं कुणा एकीचं उरत नाही. हे मला शब्दांत नीट सांगता येत नाही. घरी जाऊन ते दृश्य एकदा आवाज बंद करून बघा, मग आवाजासह बघा.

‘झान दिएलमान’बद्दल मला नेहमी विचारतात की सव्वातीन तासांहून जास्त वेळ एका बाईला घरकाम करताना का बघायचं. कंटाळा येतो हे खरंय, मलाही आला होता. पण पहिला दिवस पूर्ण बघितल्याशिवाय दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले ही घटना वाटतच नाही. ती पातेलं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाते, ते कुठे ठेवावं तिला सुचत नाही, आणि मला आठवतंय, मी खुर्चीत सावरून बसलो होतो. अकरमनने मधला वेळ कापला असता तर बटाटे नुसते बटाटे राहिले असते.

यावरून कुणाला वाटेल की मास्टरपीस म्हणजे मोजक्यांनी बघायचा अवघड सिनेमा. मला ते अजिबात मान्य नाही. चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ 1931 चा, बोलपटांनी बाजार काबीज केल्यावर काढलेला मूकपट. त्यात एका अंध फूलवालीला फाटका भटक्या श्रीमंत वाटायला हवा. ती बघू शकत नाही आणि चित्रपट बोलू शकत नाही. या एका अडचणीपाशी चॅप्लिन कितीतरी दिवस अडून होता, पुन्हा पुन्हा तेच दृश्य घेत होता. शेवटी उत्तर सापडलं. रस्ता ओलांडताना भटक्या वाटेत उभ्या असलेल्या मोटारीच्या एका दारातून शिरतो आणि दुसऱ्यातून उतरतो. दार लागतं. तिने तो आवाज ऐकला हे आपल्याला तिच्या चेहऱ्यावर दिसतं. मूकपटातला इतका स्पष्ट आवाज मी दुसरा ऐकलेला नाही. आणि लहान मूलही त्यावर हसतं.

आणि प्रभातचा ‘संत तुकाराम’, दामले-फत्तेलालांचा, 1936 चा. व्हेनिसला नावाजला गेला आणि लोकांनीही डोक्यावर घेतला. संतपटात संताची बायको म्हणजे कजाग, अडाणी, भक्तीच्या आड येणारी, ही सोपी वाट समोर होती. त्यांनी काय केलं? जिजाईला तिचा मुद्दा पुरेपूर मांडू दिला. आजारी मुलाला फरफटत देवळात नेऊन ती विठ्ठलापुढे पायातली वहाण काढते, तेव्हा कॅमेरा तिला हसत नाही. तिला घर चालवायचंय. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पारलौकिकात रमलेला, आणि गौरीबाईंची जिजाई दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभी, आणि चित्रपट दोघांपैकी कुणालाच खोटं ठरवत नाही. अखेरीस तो तिला वैकुंठाला चल म्हणतो. ती येत नाही, तिला मुलं आहेत, घर आहे. विमान वर जातं तेव्हा तो वर आणि ती खाली. पुढच्या वेळी बघाल तेव्हा त्या क्षणी आकाशाकडे बघू नका, तिच्याकडे बघा.