नुसरत यांच्या चार कव्वाल्या

नमस्कार श्रोतेहो. पाकिस्तानचे थोर कव्वाल नुसरत फतेह अली खाँ १६ ऑगस्ट १९९७ रोजी लंडनमध्ये गेले, वय अवघं ४८. आणि २०२४ साली त्यांचा ‘चेन ऑफ लाइट’ हा नवा अल्बम निघाला! इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत १९९० मध्ये केलेलं हे ध्वनिमुद्रण तिथल्या संग्रहात पडून होतं. चारच कव्वाल्या, त्यातली ‘या गौस या मीरां’ तर रसिकांच्या कानावर कधी पडलीच नव्हती.

हा स्टुडिओ ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएल यांचा. त्यांच्याच वोमॅड या जागतिक संगीताच्या महोत्सवात, १९८५ साली इंग्लंडमधल्या मर्सी बेटावर, नुसरत गायले होते. समोरच्या बहुतेक श्रोत्यांना ना उर्दू कळत होती, ना पंजाबी. तरी मैफल रंगली. का रंगली असेल?

माझ्या मते, कव्वालीची घडणच तशी आहे. आधी हम्द, म्हणजे अल्लाहची स्तुती. मग नात, म्हणजे पैगंबरांची स्तुती. मग मनक़बत, म्हणजे अवलियांची, सूफी संतांची स्तुती. एक ओळ घ्यायची आणि घोळवत राहायची. मागचे हमनवा, म्हणजे साथीचे गायक, ती उचलून धरतात, टाळ्यांचा ठेका तबल्याशी बांधलेला असतो. मध्येच मुख्य गायक दुसऱ्याच कवीचा शेर आणून तिथे जोडतो. याला गिरह म्हणतात. शेर संपतो आणि सगळे नेमके मूळ ओळीवर येऊन पडतात. पाच-सहा वेळा असं झालं की भाषा न कळणाऱ्यालाही आता ओळ येणार हे कळतं, आणि त्याचे हात आपोआप टाळी धरतात. आपल्याकडे भजनात ध्रुपदावर येताना टाळकऱ्यांना जे होतं, तेच.

नुसरत यांच्या सरगमा तर विलक्षणच. शब्द सोडून ते नुसत्या स्वरांवर झेप घेतात, आणि तरीही ती प्रार्थनाच राहते.

मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडनं नुसरत यांच्या ‘मस्त मस्त’चं रिमिक्स केलं, कव्वाली नाचाच्या क्लबात पोचली. त्याला माझी हरकत नाही. पण तीन-चार मिनिटांच्या तुकड्यात चढण हरवते, आणि कव्वालीत चढण हेच सारं असतं. म्हणून कळकळीनं सांगते, ती अख्खी ऐका. सुरुवात या अल्बममधल्या ‘खबरम रसीद इमशब’पासून करा. अमीर खुसरोंची फारसी गझल आहे. आज रात्री प्रिय येणार, अशी खबर मिळाली आहे, एवढंच तिचं म्हणणं.