पुलावरचा सॅक्सोफोन

[पहाट. ऐरोलीचा खाडीकाठ. कांदळवनावर धुकं, पलीकडे मुलुंडचे दिवे.]

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या नावाने तिसरी तक्रार आली, त्या रविवारपासून मी सॅक्सोफोन घेऊन इकडे यायला लागलो. तक्रार खोटी नव्हती. टेनर सॅक्सोफोन टू बीएचकेत मावत नाही. खिडक्या लावा, कपाटातल्या कपड्यांत तोंड खुपसून वाजवा, वरच्या मजल्यावरचं बाळ उठायचं ते उठतंच.

१९५९ साली न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांचं असंच झालं. लोअर ईस्ट साइडला घर, शेजारीण गरोदर. रोलिन्स तेव्हा २८ वर्षांचे आणि टेनरवाल्यांत पहिल्या रांगेतले. मात्र जेवढं नाव झालंय तेवढा आपला हात तयार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. कार्यक्रम बंद, रेकॉर्डिंग बंद. वाद्य उचललं आणि ते विल्यम्सबर्ग पुलावर गेले.

[पुलाची जुनी छायाचित्रं. मागे लोकलचा खडखडाट.]

खाली ईस्ट नदी, बाजूने धडधडणारी गाडी, मध्येच बोटीचा भोंगा. तिथे कितीही जोरात फुंका, कुणाची झोप मोडत नाही. उन्हाळा असो, बर्फ असो, कधी कधी दिवसाचे पंधरा-सोळा तास. असं दोन वर्षांहून जास्त काळ चाललं.

पण त्यांनी मागे सोडलं काय, ते ऐकल्याशिवाय या हट्टाची किंमत कळत नाही.

जन्म ७ सप्टेंबर १९३०, हार्लेम. आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले. आधी आल्टो, म्हणजे जरा लहान, उंच सुराचा सॅक्सोफोन, सोळाव्या वर्षी टेनर. विशीत हेरॉइन, तुरुंग, मग १९५५ मध्ये लेक्झिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचार आणि व्यसनातून सुटका. हे भरभर सांगतोय, कारण जॅझवाल्यांच्या माहितीपटात नशाच फार जागा खाते.

२२ जून १९५६. न्यू जर्सीतलं हॅकेन्सॅक. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यातच स्टुडिओ थाटलेला. चौघं वादक, एक दिवस, पाच रचना, तबकडीचं नाव ‘सॅक्सोफोन कोलॉसस’. त्यातली पहिली, ‘सेंट थॉमस’, म्हणजे आईने लहानपणी गाऊन दाखवलेली कॅलिप्सो चाल. बेटावरची, समुद्राकाठची. ती ऐकताना मला दर वेळी हळदीच्या रात्री कोळीगीतावर धरलेला ठेका आठवतो. आता रोलिन्स यांची एकट्याची जागा ऐका. दोनच सुरांचा तुकडा घेतात. तोच पुन्हा, जरा उशिरा. मग तिरका. मग सम चुकवल्यासारखी करून बरोबर समेवर. दोन सुरांत माणूस किती वेळ रमू शकतो!

पुढच्या मार्चमध्ये लॉस एंजेलिस. साथीदारांना दिवसा वेळ नाही, म्हणून रेकॉर्डिंग पहाटे तीनला. ‘वे आउट वेस्ट’मध्ये पियानोच नाही, फक्त बास आणि ड्रम. गवयाने पेटी बाजूला ठेवून नुसत्या तबल्यावर गायला बसावं, तसा प्रकार. पुढचा रस्ता दाखवायला कुणी नाही, अडवायलाही कुणी नाही.

हे सगळं जमलेलं असताना ते पुलावर गेले.

परतल्यावर १९६२ मध्ये आलेल्या तबकडीचं नाव ‘द ब्रिज’. साथीला पियानोऐवजी जिम हॉल यांची गिटार. काहीतरी उलथापालथ होणार म्हणून टपून बसलेले समीक्षक थोडे हिरमुसले. मला त्यातला निवांतपणाच जास्त आवडतो.

[कॅमेरा खाडीवरून पश्चिमेकडे वळतो.]

आणि आता ते पलीकडे बघा. मुलुंड, भांडुप, कांजूर, मग पवई. साठचं दशक संपता संपता रोलिन्स पुन्हा एकदा सगळं सोडून निघाले आणि पवईच्या आश्रमात काही महिने राहिले. योग, ध्यान, वेदान्त. तेव्हा नवी मुंबई नव्हतीच, सिडकोची स्थापना १९७० ची. खाडीच्या या बाजूला मिठागरं, भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मोबाइलवर पवई ते ऐरोली अंतर काढून बसलो होतो. १९७८ मध्ये ते पुन्हा मुंबईत आले, पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात वाजवायला.

स्वतःच्या तबकड्या ऐकणं त्यांना नकोसं व्हायचं. स्टुडिओत अंग आखडायचं, मंचावर सुटायचं. ११ सप्टेंबर २००१ ला ते ट्रेड सेंटरपासून हाकेच्या अंतरावर राहत होते. घर सोडावं लागलं तेव्हा बरोबर घेतला तो सॅक्सोफोन. चारच दिवसांनी बॉस्टनमध्ये वाजवलं. श्रोत्यांत बसलेल्या एका चाहत्याने ती मैफल टिपून ठेवली. २००५ मध्ये तिची तबकडी निघाली आणि तिच्यातल्या एका वादनाला ग्रॅमी मिळालं. साठेक तबकड्यांच्या मालकाचं हे मोठं बक्षीस एका प्रेक्षकाच्या रेकॉर्डरमधून आलं!

[पुन्हा खाडीकाठ. वाद्याच्या कळा जवळून.]

पावसाळ्यात इथल्या दमट हवेने कळांखालचे, भोकं झाकणारे पॅड चिकटतात. पातळ कागद मध्ये सरकवायचा, कळ हलकेच दाबायची, कागद ओढून घ्यायचा. आज खालचा सी काही केल्या सुटत नाहीये. ऐरोलीच्या पुलावरून ट्रक चाललेत. फ्लेमिंगो बघायला आलेले एक आजोबा थांबले, म्हणाले, “लग्नात वाजवता का?”

नाही म्हटलं. “मग रोज कशाला?”

[सॅक्सोफोन. दोन सूर. पुन्हा तेच दोन.]