उलटी अक्षरं

(दृश्य: कणकेच्या गोळ्यात दाबलेली चांदीची अंगठी)

अंगठी उचला आणि गोळा वाचा. अक्षरं सुलट उमटली, तर ही नावाची अंगठी नव्हे, मोहरेची. लाखेवर सरळ उमटावीत म्हणून अक्षरं चांदीत उलटी खोदलेली. ‘शिक्कामोर्तब’मधला शिक्का असा बोटातही असायचा.

1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथल्या जुन्या मोहरेवर फारसी लिपी दिसली तर नवल नाही. कधी सोबत हिजरी सालही. 1300 म्हणजे इसवी 1882-83. आकडेही उलटेच असतात, म्हणून साल ठशावरून वाचायचं.

आतून 925 चा, म्हणजे 92.5 टक्के चांदीचा, छाप शोधू नका. त्या काळी रुपये वितळवूनही दागिने घडत. निजामाच्या हाली रुपयात चांदी सुमारे 82 टक्के, इंग्रजी रुपयात 1939 पर्यंत 91.67. कसोटीवर कस कमी आला, एवढ्यावरून अंगठी खोटी ठरत नाही.

(दृश्य: दहापट भिंगाखाली एक अक्षर)

खरी परीक्षा इथे. हाताने खोदलेल्या रेषेचा तळ निमुळता आणि स्वच्छ असतो. वापराने वरची कड झिजते. तळाला बोट लागतच नाही. कड आणि तळ दोन्ही सारखेच बोथट, वर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं? मग ती बहुधा ओतीव नक्कल.

कडी तळहाताकडून पाहा. तिथे ती एक मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तर रोज घालू नका, चिरते. माप बदलायचं झालं आणि मोहर अकीकवर असेल, तर खडा आधी काढून घ्या. बंद कोंदणात खड्यामागे लाख भरलेली असू शकते. डाक देताना, म्हणजे तापवून सांधा जोडताना, ती वितळते, खडा तडकतो तो वेगळाच.

धुवायला कोमट रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. खाचांतला काळेपणा राहू द्या, त्याच्यामुळेच अक्षर दिसतं. चांदी उजळवायच्या तयार द्रावणात बुडवलीत, तर खाचही पांढरी, कडाही पांढरी. वाचणार काय?

सराफ मोडीचा भाव सांगेल, वर प्रेमाने म्हणेल, “पॉलिश करून देतो.” भाव करा, पॉलिशला मात्र नको म्हणा. चाकीवर अंगठी चकचकीत होईल, पण तेवढ्यात झिजलेल्या मोहरेची उरलीसुरली कडही जाईल.